वेताची खुर्ची

वेताची खुर्ची विणायला डोळे लागत नाहीत. चौकटीला ओळीने भोके पाडलेली असतात. त्यांतून वेताची पट्टी आधी उभी ओवायची, मग आडवी, मग पुन्हा उभी, पुन्हा आडवी, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरपी. की मध्ये अष्टकोनी जाळी आपोआप उमटते. बोटांना भोक सापडले आणि वेत किती ताणायचा हे मनगटाला कळले, की झाले. म्हणूनच देशोदेशींच्या अंधशाळांतून हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. आपल्याकडे तर कचेऱ्या, कोर्टे, शाळा, आगगाडीच्या स्टेशनातले विश्रांतिगृह, जिथे पाहावे तिथे वेताच्याच खुर्च्या. बसून बसून बैठक लोंबू लागली, की अंधशाळेकडे निरोप जाई. आमच्या शाळेत मे महिन्याच्या सुटीआधी असे एक गृहस्थ येत. व्हरांड्यात मांडी घालून ते मास्तरांच्या खुर्च्या विणत आणि आम्ही मुले भोवती कोंडाळे करून पाहत राहत असू. विणून झालेल्या खुर्चीवर ते स्वतः कधी बसले नाहीत. तळहाताने दाबून पाहायचे आणि खुर्ची बाजूला सारायचे.

मला जो इतिहास सांगायचा आहे तो या खुर्चीच्या दोन बाजूंचा आहे. खुर्ची विणणारा अंध आणि तसल्याच खुर्चीवर बसून चारचौघांसारखे काम करणारा अंध यांच्यामध्ये म्हटली तर एवढीशी वेताची जाळी. पण ती ओलांडायला दोनशे वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात दया करणारे पुष्कळ झाले, आणि त्यांचे उपकार आहेतच. पण ओलांडून नेण्याचे खरे काम केले ते काही यंत्रांनी, आणि ती यंत्रे चालवायला शिकवणाऱ्या माणसांनी.

आरंभ पॅरिस शहरात होतो. १७७१ साली तिथल्या सेंट ओविदच्या जत्रेत एका खानावळवाल्याने गिऱ्हाइके जमवण्यासाठी आंधळ्यांचा एक वाद्यवृंद बसवला होता. त्यांच्या डोक्यावर विदूषकी टोप्या, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे मोठाले चष्मे, आणि समोर ज्यांचा त्यांना काडीचा उपयोग नाही असे स्वरलिपीचे कागद. लोक पोट धरधरून हसत होते. त्या गर्दीत व्हॅलंतीन आउई नावाचा एक भाषापंडित होता. त्याला हसू आले नाही. या माणसांना खरोखरच वाचता येईल असे काही करीन, असे त्याने मनाशी घेतले. पण पहिला विद्यार्थी मिळायला तेरा वर्षे गेली. तो होता फ्रान्स्वा लेस्युअर, चर्चच्या दाराशी भीक मागणारा एक अंध तरुण. तो शिकायला यायला तयार होईना, कारण सरळ होते. शिकत बसले तर भीक कोण मागणार आणि घरी काय नेणार? तेव्हा आउईने भिकेत बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई पदरची करून दिली, आणि मगच धडे सुरू झाले. अंधशिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट एखाद्या ओळीत उरकतात. मला ती फार मोलाची वाटते. शिकणाऱ्याच्या आजच्या भाकरीचा विचार केल्यावाचून त्याच्या उद्याच्या धंद्याची भाषा बोलता येत नाही, हे त्या भाषापंडिताला पहिल्याच दिवशी उमगले होते. पुढे कित्येक संस्थांना ते उमगले नाही.

छापील कागदाच्या पाठीवर उठलेली अक्षरे लेस्युअरच्या बोटांना लागली आणि त्यातूनच आउईला उठावाच्या अक्षरांची कल्पना सुचली, असे सांगतात. पुठ्ठ्यासारख्या जाड कागदावर रोमन अक्षरे ठसठशीत उठवायची आणि ती बोटांनी चाचपून वाचायची. १७८६ मध्ये आउईने आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. ते त्याच्या अंध विद्यार्थ्यांनीच खिळे जुळवून छापले. त्याच वर्षी व्हर्सायच्या राजवाड्यात सोळाव्या लुईपुढे मुलांनी वाचून दाखवले. दरबार थक्क झाला. सगळे यथासांग झाले, फक्त एक उणीव राहिली. ती अक्षरे वाचायला फार वेळ लागे, आणि लिहिता तर मुळीच येत नसत. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांना शोभतील अशी घडवलेली होती, बोटांचा विचार त्यात मागाहून केलेला.

बोटांचा विचार केला तो लुई ब्रेलने. त्याची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांतून येऊन गेलेली आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. १८०९ मध्ये कुव्रे या खेड्यात एका खोगिरे शिवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. तिसऱ्या वर्षी बापाच्या दुकानात खेळता खेळता हत्यार डोळ्यात गेले, विकार दुसऱ्या डोळ्यात पसरला, दृष्टी गेली. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तिथे शार्ल बार्बिए नावाचा तोफखान्यातला एक निवृत्त अधिकारी आपली बारा टिंबांची लिपी घेऊन आला होता. काळोखातही बोटांनी वाचता यावी अशी तिची बांधणी होती. बारा टिंबे बोटाच्या एका पेराखाली मावत नाहीत, आणि त्या लिपीत शब्दांचे उच्चार होते, शुद्धलेखन नव्हते. पोरगेल्या ब्रेलने टिंबे सहावर आणली. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याची लिपी जवळजवळ सिद्ध झालेली होती, आणि १८२९ मध्ये तिचे पुस्तक निघाले. गंमत अशी की टिंबांची ओळख करून देणारे ते पुस्तक छापावे लागले आउईच्या जुन्या, उठावाच्या रोमन अक्षरांतच.

पाटी आणि टोचणी एवढ्यावर मुलगा वाचू लागला, आणि लिहूही लागला. तरी १८४० मध्ये शाळेचा प्रमुख झालेल्या द्युफोने ब्रेलची लिपी बंद पाडली. मुले चोरून टिंबे टोचत राहिली आणि चार वर्षांनी, साहाय्यक गादे याच्या आग्रहामुळे, लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. द्युफोला इतिहासकारांनी खलपुरुष करून टाकले आहे. मला त्याच्या बाजूने दोन शब्द बोलावेसे वाटतात. त्याचे म्हणणे असे होते की ही टिंबे डोळसांना वाचता येत नाहीत, तेव्हा त्यांनी अंधांची एक निराळी जात तयार होईल. त्याचा उपाय चुकला. मुलांच्या हातातली लिपी काढून घेण्याचा त्याला काही अधिकार नव्हता. पण त्याला दिसलेली भिंत खरी होती. टिंबांनी अंधाला विद्या दिली, पण नोकरी देणाऱ्याला टिंबे वाचता येत नाहीत. पेढीवरच्या शेटजीला जमाखर्च टिंबांत लिहून देऊन चालणार नाही, आणि घरी आईलाही टिंबांतले पत्र पाठवून उपयोग नाही.

ही भिंत स्वतः ब्रेलला सर्वांआधी टोचली होती. १८३९ मध्ये त्याने डोळसांना वाचता येतील अशी साधी रोमन अक्षरेच टिंबांनी काढण्याची दुसरी एक पद्धत बसवली. एकेक अक्षर कोष्टक मोजून मोजून काढायचे, म्हणजे पत्राला संध्याकाळ जायची. तेव्हा त्याचा मित्र पिएर फूको, हाही अंध, याने १८४१ मध्ये त्यासाठी यंत्र केले. दहा दांडे दाबले की अक्षराचा आकार कागदावर टिंबांनी उमटे. अंधाने लिहावे, डोळसाने वाचावे. टाइपरायटर बाजारात यायला तेव्हा अजून तीस वर्षांहून अधिक अवकाश होता!

आणि त्या टाइपरायटरचे मूळही पाहावे तर तिकडेच सापडते. इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थाने आपल्या मैत्रिणीसाठी, कॅरोलिना फान्तोनी या सरदारघराण्यातल्या अंध बाईंसाठी, लिहिण्याचे यंत्र केले होते. यंत्र नाहीसे झाले. पण बाईंनी त्यावर लिहिलेली १८०८ पासूनची पत्रे जपून ठेवलेली आहेत. कचेरीत खडखडणाऱ्या त्या काळ्या यंत्राच्या वंशावळीत एक अंध स्त्री आहे हे किती जणांना ठाऊक असते?

पुढे १८७४ पासून अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने टाइपरायटर विकायला काढला. आरंभी टाइप करणारे लोक एकेक अक्षर डोळ्यांनी हुडकीत आणि दोन बोटांनी बडवीत. १८८८ मध्ये सिनसिनाटी शहरात एक शर्यत झाली. फ्रँक मॅगरिन नावाच्या लघुलेखकाने कळा पाठ केलेल्या होत्या. तो दहा बोटांनी, कळांकडे ढुंकूनही न पाहता टाइप करी. त्याने प्रतिस्पर्ध्याला सहज मागे टाकले, आणि तेव्हापासून उत्तम टंकलेखन म्हणजे न पाहता केलेले टंकलेखन हा नियमच झाला. आमच्या तरुणपणी टायपिंगच्या क्लासात मास्तर कळांवर रुमाल घालीत, तो याच शर्यतीचा प्रसाद. डोळसांना जे महत्प्रयासाने शिकावे लागे ते अंधाच्या अंगवळणी जन्मापासूनच पडलेले. इथे प्रथमच असे झाले, की बाजारात सगळ्यांसाठी निघालेल्या यंत्रावर अंध माणूस डोळसाच्या बरोबरीने बसला. त्याच्यासाठी वेगळी पंगत मांडावी लागली नाही. त्याने काढलेले पत्र साहेब वाचू शके. ब्रेल आणि फूको यांना हवा होता तो पूल हाच. टिंबेही मागे राहिली नाहीत. १८९२ मध्ये इलिनॉयच्या अंधशाळेचे प्रमुख फ्रँक हॉल यांनी सहा कळांचे ब्रेल-यंत्र केले आणि त्याचे पेटंट मुद्दामच घेतले नाही. साहेबांचे बोलणे टिंबांत टिपून घ्यायचे आणि साध्या यंत्रावर उतरवायचे, अशी जोडी जमली.

या सगळ्या काळात शाळांतून मात्र शिकवत होते टोपल्या, झाडू, चटया आणि खुर्च्या. थोडे नशीबवान पियानो जुळवायला शिकले. त्या धंद्याचा पायाही क्लोद मोंताल या अंध माणसानेच पॅरिसला घातला होता, आणि त्यावरचे त्याचे पुस्तक १८३६ सालचे आहे. जपानात त्याहून जुनी परंपरा. तिथे सतराव्या शतकातच सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांना सुया टोचण्याची आणि अंग रगडण्याची विद्या शिकवायला शाळा काढली, आणि अंध मालिशवाला ही तिकडे सन्मानाची व्यक्ती झाली. असो. आपल्याला आपल्या देशाकडे वळले पाहिजे.

हिंदुस्थानातली पहिली अंधशाळा ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी १८८७ मध्ये अमृतसरला काढली. ती पुढे डेहराडूनजवळ राजपूरला गेली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे. दोन वर्षांनी व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. आणि याच सुमाराला पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात एक मोठा प्रयोग चालू होता. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून रमाबाईंनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या. त्यांना नुसते दोन वेळा जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. हातमाग, गुरे, शेती, तेलाचा घाणा यांच्या जोडीला त्यांनी छापखाना काढला. ज्या बाईच्या हाती पाटीपेन्सिल देणेही पाप समजत, ती तिथे खिळे जुळवू लागली, छापू लागली, पुस्तके बांधू लागली. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच बायकांच्या हातून छापून निघाले. आलेल्या मुलींत अंध मुलीही होत्या. त्यांच्यासाठी रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि शिकवू लागल्या. विधवा, दुष्काळाने पोरकी आणि वर आंधळी, अशा मुलीच्या बोटांखाली या महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी अक्षर आले, ही गोष्ट आपण इतिहासाच्या पुस्तकांत फारशी सांगत नाही.

पण टिंबांच्या बाबतीत देशात बाबेलचा मनोरा उभा राहिला होता. ज्याने शाळा काढली त्याने आपल्या मताप्रमाणे टिंबे बसवली. मुंबईच्या मुलाला उत्तरेकडचे पुस्तक परके. एकाच देशात दहाएक संकेत चालू होते. तो गुंता सुटला १९५१ मध्ये. युनेस्कोच्या मध्यस्थीने, पॅरिस आणि बैरूत इथल्या बैठकींनंतर, भारती ब्रेल ठरले. तत्त्व सोपे होते: एक उच्चार, एक खूण, मग भाषा कोणतीही असो. रोमन ‘के’ची जी दोन टिंबे, तीच मराठी ‘क’ची, तीच बंगालीची आणि तीच तमिळचीही. वेलांटी आधी की अक्षर आधी हा आपला घोळही तिथे नाही. ‘क’ काढायचा, पुढे ‘इ’ काढायची. भाषावार प्रांतरचनेवरून डोळस लोक हमरीतुमरीवर आले होते त्याच वर्षांत अंधांची मात्र साऱ्या देशाला मिळून एकच लिपी झाली होती.

या कामातला मोठा माणूस म्हणजे क्लुथा मॅकेन्झी. न्यूझीलंडचा हा सैनिक १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत अंध झाला आणि लंडनला सेंट डन्स्टन्समध्ये दाखल झाला. ती संस्था नीट समजून घेतली पाहिजे. ती काढली आर्थर पिअर्सन यांनी. ‘डेली एक्स्प्रेस’ हे पत्र सुरू करणारा हा धनाढ्य गृहस्थ काचबिंदूने अंध झाला होता. पहिल्या महायुद्धात डोळे गमावून आलेली विशी-पंचविशीतली पोरे त्याने १९१५ मध्ये हाताशी धरली. या पोरांना कालपर्यंत दिसत होते. ती गरीब बिचारी म्हणून वाढलेली नव्हती, आणि देशावर त्यांचे ऋण होते. त्यामुळे टोपल्यांपुढे जाऊन विचार करणे भाग पडले. मालिश, कोंबड्या पाळणे, जोडे दुरुस्त करणे हे होतेच. शिवाय लघुलेखन, टंकलेखन आणि टेलिफोनचा बोर्ड. टंकलेखनाच्या परीक्षेत उतरलेल्याला टाइपरायटर स्वतःचा म्हणून मिळे. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या हिंदी जवानांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला याच संस्थेच्या नावाचे वसतिगृह निघाले, त्याची धुरा मॅकेन्झींकडे आली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, सरकारने तिथे प्रौढ अंधांचे प्रशिक्षणकेंद्र उभारले, आणि पुढच्या वर्षी ब्रेलचा मध्यवर्ती छापखाना. म्हणजे आपल्याकडच्या अंधांच्या धंदेशिक्षणाला सरकारी बळ मिळाले ते युद्धामुळे. देवीने, खुपऱ्यांनी लाखो डोळे शतकानुशतके जात होतेच. पण त्या आंधळ्यांच्या अंगावर गणवेश नव्हता.

१९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपली ‘नॅब’, स्थापन झाली. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी या कामात पुढे वर्षानुवर्षे लक्ष घातले. ते गिरणीमालक होते, आणि अंध कामगार आधी स्वतःच्या गिरणीत घेऊन मग दुसऱ्या मालकांकडे शब्द टाकीत. भाषणापेक्षा हे बरे. खेड्यातल्या अंधाला शहरात आणून खुर्च्या विणायला बसवण्यात काय हशील, हा विचारही याच काळातला. १९६० मध्ये गुजरातेत फणसा येथे टाटांच्या साहाय्याने अंधांना शेती आणि गुरांची निगा शिकवणारे केंद्र निघाले. पण मुंबईसारख्या शहरात खरी चढती कमान होती ती टेलिफोन ऑपरेटरची.

जुन्या बोर्डाची रचनाच अंधाला मानवणारी होती. बाहेरून फोन आला की त्या तारेची बारीकशी झडप खटकन पडे. आवाजावरून आणि बोटाने चाचपून कोणती तार ते कळे. मग दोरीचे टोक त्या भोकात खुपसायचे. पुढे झडपांच्या जागी दिवे आले आणि कठीण प्रसंग उभा राहिला. तेव्हा दिव्याऐवजी बोटाला लागेल अशी खुंटी वर येण्याची योजना करून ती वेळ निभावली. मी ज्या कचेरीत उमेदवारी केली तिथे बोर्डावर एक अंध गृहस्थ होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. तीनशेवर नंबर तोंडपाठ. एकदा ऐकलेला आवाज वर्षाने ओळखत. बडे साहेब केबिनमधून बाहेर पडले हे शिपायाआधी त्यांना कळे. मी नवखा असताना एकदा म्हणालो, “अण्णा, तुमची स्मरणशक्ती विलक्षण आहे.” ते म्हणाले, “अहो, तुमच्याकडे डायरी आहे म्हणून तुमची नाही.” घर, संसार, मुलीचे लग्न, सगळे त्यांनी त्या बोर्डावर बसून पार पाडले.

नव्वदीच्या आसपास कचेरीत इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला. ज्याचा त्याला परस्पर फोन लागू लागला. अण्णांना कोणी काढले नाही. कायम नोकरी होती, पगार चालू राहिला. पण बोर्डाची खोली रिकामी केली आणि त्यांना आवकजावक विभागात एका टेबलाशी बसवले. काम नव्हते. दहा ते साडेपाच ते तिथे सरळ बसून राहत. फोनची घंटी वाजली की मान त्या दिशेला वळे. त्यांना दुसरे काही शिकवता येईल का, असे कचेरीत कोणाच्या मनात आले नाही; कोणी विचारलेही नाही. निवृत्तीला चार वर्षे होती, ती त्यांनी तशीच काढली.

हे एका माणसाचे दुर्दैव नव्हते. ठिकठिकाणचे अंध ऑपरेटर त्या दशकात असेच बाजूला पडले. त्याच सुमारास प्लास्टिकच्या आणि फिरत्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि वेताचा धंदाही बसला. सरकारने १९७७ पासून तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या नोकऱ्यांत अपंगांना तीन टक्के जागा ठेवल्या होत्या, त्यांत एक टक्का अंधांना. त्यांतल्या कित्येक जागा कोणत्या? ऑपरेटरच्या आणि खुर्च्या विणणाऱ्याच्या. जागा राखीव आणि काम नाहीसे, असा तो पेच.

पण ज्या इलेक्ट्रॉनिक विद्येने बोर्ड गिळला तिच्याच पोटातून पुढची वाट निघाली. १९७६ मध्ये अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी छापील पान वाचून दाखवणारे यंत्र दाखवले. आकार मोठ्या पेटाऱ्याएवढा आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची, पण छापलेला कागद प्रथमच कोणाच्या मदतीवाचून अंधाशी बोलला. मग संगणक आला. पडद्यावर नुसती अक्षरे होती तोवर ती आवाजात उतरवणे सोपे होते. पुढे पडद्यावर चित्रे आली, बाण आला, माउस आला, आणि झडपांच्या जागी दिवे आले तेव्हाचा प्रसंग पुन्हा उभा राहिला: जे नुसते पाहायचे, ते अंधाने कसे ओळखायचे? टेड हेंटर हा मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारा अमेरिकन १९७८ मध्ये अपघातात अंध झाला होता. त्याच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘जॉज’ ही पडदा वाचणारी प्रणाली काढली आणि १९९५ मध्ये ती विंडोजवर चालती केली. ती महाग होती. तेव्हा ऑस्ट्रेलियातला मायकेल करन, हाही अंधच, याने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतली. जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला मिळाला, आणि ती प्रणाली त्यांनी जगाला फुकट दिली. फूकोपासून करनपर्यंत पाहिले तर टाळी वाजवावीशी वाटते. कोंडी फोडणारा बहुतेक वेळा आतलाच माणूस निघाला.

मराठीची एक अडचण इथे सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या हातातली आहे. संगणकावर मराठी आले तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले टंक बनवले. डोळ्यांना ‘क’ दिसे, पण यंत्राच्या पोटात ती भलतीच एखादी रोमन खूण असे. वाचणारी प्रणाली दिसणारा आकार वाचत नाही, पोटातली खूण वाचते. त्यामुळे उत्तम मराठी लेखाचा ती अर्थहीन बडबडगीत करून टाकी. युनिकोड रूढ झाल्यावर ‘क’ हा पोटातही ‘क’ झाला, आणि अंध मराठी वाचकाला मराठी मजकूर मराठीत ऐकू येऊ लागला. भारती ब्रेलने १९५१ मध्ये जे केले तेच हे, दुसऱ्या रूपाने. आपली कितीतरी जुनी मासिके आणि दिवाळी अंक मात्र अजून त्या जुन्या टंकांत, किंवा नुसत्या छायाचित्रांत, अडकून पडले आहेत. ते कोणीतरी उतरवून काढले पाहिजेत.

यंत्र आले तरी शिकवणारा लागतोच. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजने २००३ मध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी केंद्र काढले, नॅबसारख्या संस्थांनी संगणकाचे वर्ग चालवले. कायदाही हळूहळू पुढे सरकला. १९९५ च्या कायद्याने राखीव जागा वरच्या श्रेणींतही दिल्या. त्या मोजायच्या कशा यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०१३ मध्ये अंधांच्या संघटनेच्या बाजूने सुटला. २०१६ च्या कायद्याने तीनाचे चार टक्के झाले. ही कलमे वाचायला रुक्ष आहेत, पण त्यांच्यावाचून काय होते ते पुढच्या हकिगतीत दिसेल.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. त्यांचे शिक्षण झाले दादरच्या कमला मेहता अंधशाळेत, म्हणजे ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये सुरू केलेल्या त्याच शाळेत. तिथे ब्रेल, मग झेवियर्स कॉलेज, मग दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास त्यांनी संगणकावर, ‘जॉज’कडून पुस्तके वाचून घेऊन केला. २०१६ च्या निकालात त्यांचा ७७३ वा क्रमांक आला आणि रेल्वेच्या हिशेब सेवेत त्यांची निवड झाली. पूर्ण अंधत्वाचे कारण सांगून रेल्वेने त्यांना घेतले नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली. २०१७ च्या निकालात त्या १२४ व्या आल्या आणि भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. या सेवेत आलेल्या त्या पहिल्या पूर्णतः अंध महिला. आधी एर्नाकुलमला साहाय्यक कलेक्टर म्हणून उमेदवारी झाली. १४ ऑक्टोबर २०१९ रोजी तिरुवनंतपुरमच्या कचेरीत त्या सब-कलेक्टरच्या खुर्चीवर बसल्या आणि टेबलावरच्या कामाला लागल्या.